तिघांत एक पिंप: नदीचे दगड घासायचे कसे

दगड घासायचा छंद लावून घ्यायचा असेल तर मशीन बघण्याआधी दोन माणसं बघा. हे मी मशीनच्या धंद्यातला माणूस सांगतोय. संगमनेरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे पिंप फिरवणं हा माझ्या दृष्टीने या कामातला सगळ्यात सोपा भाग. दगड, पूड आणि पाणी आत घालून हे बंद पिंप दिवसरात्र फिरत ठेवायचं, दगड आतल्या आत घासले जातात. पण पिंप नीट चालायला ते निम्म्याहून बरंच जास्त भरावं लागतं, आणि तेही एकसारख्या कठीण दगडांनी. घासायची पूड सुटी चिमूटभर मिळत नाही, किलोने घ्यावी लागते. खडबडीत गोट्याचा चकाकता दगड व्हायला महिना-सव्वा महिना जातो. एकट्याकडे पिंपभर चांगले दगड जमत नाहीत, पूड पडून राहते, आणि तिसऱ्या आठवड्यात रोज झाकणाला हात लावून बघायची इच्छाही राहत नाही. तिघं असले की हे सगळं निभतं.

आमच्यात एक सोनारकाका आहेत, एक शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मॅडम आहेत आणि मी. ही जोडणी मला फार मोलाची वाटते. एकाला यंत्र कळतं, एकाच्या हाताला खड्याची सवय आहे, एकीला जमीन वाचता येते. तिघंही एकाच धंद्यातले असते तर तेच तेच बोलत बसलो असतो. माणसं निवडताना आणखी एक बघा: समोरच्याने हौसेने आणलेला दगड ‘हा नको’ असं तोंडावर सांगता आलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला ते लागता कामा नये. ते कसं साधायचं, ते पुढे सांगतो.

दगड कुठून आणायचे

आपला दख्खन म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थरावर थर. तो लाव्हा निवताना आत वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) आली आणि त्या पोकळ्यांमध्ये साचून अकीक (ॲगेट), कॅल्सेडनी, जास्पर, स्फटिक तयार झाले. भोवतीचा काळा दगड ऊन-पावसाने झिजतो, माती होतो. आतला अकीक झिजत नाही, तो सुटा होऊन ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत येतो. म्हणून नदीच्या पात्रात काळ्या गोट्यांमध्ये मधूनच दुधी, मधाळ, शेवाळी रंगाचे गोटे दिसतात. आमच्या लहानपणी त्या सगळ्यांना गारगोट्याच म्हणायचे. रात्री दोन आपटून ठिणग्या पाडायचो, ते हेच.

आम्ही प्रवरेवर जातो. मॅडम पहिल्या दिवशीच म्हणाल्या, ‘दादा, आपण काही नवीन करत नाही.’ संगमनेरजवळच प्रवरेकाठी जोर्वे आहे. तिथे 1950-51 साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, आणि ताम्रपाषाण काळातली एक अख्खी संस्कृती आज त्या गावाच्या नावाने ओळखली जाते. त्या लोकांची दगडी पाती याच कॅल्सेडनीची. प्रवरा पुढे गोदावरीला मिळते, गोदावरी पैठणला जाते. आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की पैठणहून असला दगड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात मोठ्या प्रमाणात येतो. नदीत वाकून एखादा गोटा उचलताना हे मनात असतं, आणि त्याने उचलण्याची घाई आपोआप कमी होते.

जायचं ते हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत, पाणी उतरलं की. मात्र पात्रात पाय ठेवण्याआधी धरणाचं आवर्तन सुटणार आहे का, हे गावात विचारा. आमच्याकडे भंडारदरा-निळवंड्याचं पाणी सुटलं की कोरडी वाटणारी नदी भरत येते. एकट्याने पात्रात उतरू नये, याचं हे एकच कारणही पुरेसं आहे.

काय उचलायचं नाही, हेही आधीच ठरवून घ्या. किल्ले, लेणी, अभयारण्य इथला खडाही नाही. दुसऱ्याच्या शेतातला मालकाला विचारल्याशिवाय नाही. आणि नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरून काहीही नाही. तिथे पायाखाली दिसणारी अकीकाची धारदार कपची किंवा भोक पाडलेला मणी हा दगड नसतो, कुणीतरी तीन हजार वर्षांपूर्वी केलेलं काम असतं. तो जिथे पडलाय तिथेच त्याला अर्थ आहे. मॅडम या बाबतीत फार कडक आहेत आणि मला ते मनापासून पटतं.

विहीर खोदताना निघालेल्या दगडांत कधी पांढरे, हिरवट, मोरपिसासारखे पसरलेले स्फटिक मिळतात. ते बहुतेक झिओलाइटच्या कुळातले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, आणि त्या कुळातलं नसलं तरी त्यांच्याच सोबत सापडणारं ॲपोफिलाइट, हे सगळे ठिसूळ आणि मऊ. पिंपात घातले तर आठवड्याभरात त्यांचं पीठ होईल. ते तसेच कापसात ठेवा. आपल्या भागातल्या या स्फटिकांचं वैभव काय आहे ते बघायचं असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा तिघांनी मिळून बघून या. परतीच्या वाटेवर गप्पांना विषय पुरतो.

निवड

माझ्या मते सगळं यश निवडीत आहे. पिंप काही दगडाला चांगलं करत नाही, आहे ते उघडं करतं.

आम्ही रविवारी सकाळी दुकानापुढे गोणपाट अंथरतो, सगळ्यांनी आणलेले दगड धुऊन एकत्र ओततो. कुणाचा कुठला हे त्या क्षणापासून विसरायचं. मग प्रत्येक दगड तीन परीक्षांतून जातो.

पहिली, चाकूची. मोह्जच्या कठीणपणाच्या एक ते दहाच्या मापात अकीक साडेसहा ते सात, साध्या चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास. चाकूने ओरखडा उठला तर दगड मऊ, बाजूला. पात्याचाच करडा डाग दगडावर उमटला तर दगड कठीण, ठेवा. पांढऱ्या दगडाबद्दल शंका असेल तर ओरखड्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले की तो कॅल्साइट, त्याला सुट्टी. मऊ आणि कठीण एकत्र घातले तर कठीण दगड मऊ दगडाला खाऊन टाकतात.

दुसरी, उजेडाची. मोबाइलचा टॉर्च लावून दगड त्यावर धरा. अकीक-कॅल्सेडनी कडेला तरी उजळते. काळा पाषाण पूर्ण अंधारा राहतो, आणि त्याला जिल्हई, म्हणजे चकाकी, फारशी चढत नाही. जास्परमधूनही उजेड जात नाही, पण त्याचा पोत इतका घट्ट आणि गुळगुळीत असतो की दोन-चारदा हाताळल्यावर चूक होत नाही.

तिसरी परीक्षा सोनारकाकांनी शिकवली आणि ती मला सगळ्यात आवडते. दगड ओले करून उन्हात मांडायचे आणि वाळताना बघत बसायचं. ओला असताना दगड जसा दिसतो, साधारण तसाच तो जिल्हईनंतर दिसणार, म्हणून रंग ओल्यात बघायचा. पण दोष वाळताना बघायचा. सगळा दगड कोरडा होऊन फिकट पडतो आणि एखादीच काळसर रेघ मागे राहते. ती भेग. तिच्यात पाणी शिरलंय म्हणून ती उशिरा वाळते. असा दगड पिंपात फुटणार, त्याच्या धारदार कपच्या बाकीच्यांना ओरबाडणार. एका भेगेपायी सगळ्यांचा महिना जाऊ शकतो.

दगड नाकारण्याचा प्रश्न इथेच सुटतो. काका कधी ‘तुझा दगड वाईट’ म्हणत नाहीत. ते गोणपाटाकडे बोट दाखवून म्हणतात, ‘हे बघ, अजून वाळला नाही.’ ज्याचा असतो तोच उचलून बाजूला ठेवतो. तुमच्यातही मतावर कधी वाद घालू नका, परीक्षा घ्या. पहिल्या वर्षी मैत्री टिकली तर ती अशाने टिकते.

आकार मात्र मुद्दाम मिसळा. सहा इंची पिंपाला पाव इंचापासून दीड इंचापर्यंतचे. बारीक दगड मोठ्यांच्या खाचांत पोचतात. सगळे एकाच मापाचे घेतले तर नुसते घरंगळतात, घासले जात नाहीत.

पिंप

विकत मिळतं, आणि घरीही होतं. सहा इंची जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा, एका टोकाला कायमचं झाकण, दुसऱ्याला घट्ट बसणारं उघडझाप झाकण, आत ट्यूबच्या रबराचं अस्तर. अस्तराने आवाज कमी होतो, दगड ठेचत नाहीत आणि पाइप झिजत नाही. खाली दोन समांतर दांडे बेअरिंगवर, त्यांवर रबरी नळी चढवलेली, एका दांड्याला गिअर मोटार. पिंपाचे मिनिटाला तीसएक फेरे व्हावेत. मोटार चोवीस तास चालायची आहे, तेव्हा उगाच लहान घेऊ नका. हवा खेळेल अशा जागी ठेवा, अर्थिंग तपासा, पाण्याचा थेंब तिच्यापर्यंत पोचणार नाही असा आडोसा करा. वीज गेली तर काळजी नको, काही तास थांबल्याने बिघडत नाही.

वेग आणि भराई बरोबर आहे की नाही हे कानाने कळतं. पिंपाजवळ उभे राहा. दगड वर चढून एका अंगाने सरकत खाली येतात, त्याचा सलग सळसळता आवाज यायला हवा. ठक ठक ऐकू आलं तर दगड उचलून आपटतायत: भराई कमी आहे किंवा फेरे जास्त. काहीच ऐकू येत नसेल तर पिंप गच्च भरलंय.

चार घासण्या

पहिली घासणी सिलिकॉन कार्बाइडच्या जाड पुडीने, 60-90 नंबर. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडम म्हणून विचारा. पिंप दोनतृतीयांश ते पाऊण दगडांनी भरा, दीड किलो दगडांना तीन-चार मोठे चमचे पूड, आणि पाणी वरच्या दगडांच्या किंचित खाली राहील इतकंच. सात दिवसांनी उघडून बघा. आकार आला नसेल, खड्डे दिसत असतील तर नवी पूड घालून आणखी सात दिवस. इथे घाई करू नका. पहिल्या घासणीत राहिलेला खड्डा पुढची कुठलीच पूड भरून काढत नाही.

दुसरी 120-220, तिसरी 500 किंवा त्याहून बारीक, चौथी जिल्हईची, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिरियम ऑक्साइड. सिरियम काचेला पॉलिश करणाऱ्यांकडे असतं. प्रत्येकीला साधारण आठवडा. दगड झिजून पिंप रिकामं होत जातं, तेव्हा प्लॅस्टिकच्या कारखान्यात लागणारे दाणे घालून भराई पूर्ववत करा. एका घासणीत वापरलेले दाणे त्याच घासणीच्या डब्यात परत. जाड पुडीचे दाणे जिल्हईत कधीही नाही.

आता धुणं. दोन घासण्यांच्या मधलं हे काम एकट्याने केलं की हमखास उरकलं जातं, आणि जाड पुडीचा एक कण पुढच्या पिंपात गेला तर आठवडाभर तो सगळ्यांवर रेघा ओढत बसतो. म्हणून धुण्याच्या दिवशी आम्ही तिघंही हजर असतो. एक जण चाळणीत दगड धरतो, दुसरा जुन्या टूथब्रशने खाचा घासतो, तिसरा पिंपाचं अस्तर, झाकण, झाकणाची खोबण धुतो. मॅडम सगळ्यात शेवटी प्रत्येक दगड अंगठ्याने चाचपतात आणि भिंगाखाली धरतात. खाचेत करडा ठिपका दिसला की परत ब्रशवाल्याकडे. दगड बादलीभर असले तरी दुपार जाते. आमचं खरं बोलणं त्या दुपारी होतं: काकांच्या वडिलांनी दागिन्यांना झळाळी द्यायला वापरलेली अकीकाची ओपणी, मॅडमच्या सहलीतल्या मुलांनी विचारलेले प्रश्न, पंपांच्या सीझनमध्ये माझ्या दुकानात साठलेल्या जळक्या मोटारी.

धुण्याचं राखाडी पाणी मोरीत ओतू नका. तो गाळ खाली बसून सिमेंटसारखा घट्ट होतो आणि पाइप कायमचा तुंबतो. टबात निवळू द्या, वरचं पाणी झाडाझुडपांपासून दूर टाका, खालचा गाळ खड्ड्यात पुरा. पिंपात कधी वायूही साठतो, त्यामुळे मधूनमधून झाकण सैल करून परत लावा. झाकण फुगलेलं दिसलं तर तोंड दुसरीकडे करून उघडा.

पुढच्या घासणीला जायचं की नाही, ते दगड पूर्ण कोरडा करूनच ठरवा. आणि शेवटी जिल्हई पुरी झाली याची खूण अशी की दगड ओला आणि कोरडा सारखाच दिसतो. मग साबणाच्या चुऱ्याबरोबर काही तास फिरवून काढा, म्हणजे पुडीचा उरलेला पांढुरका थर निघून जातो.

वाटणी

वर्गणी सारखी, वाटणी सारखी. भिशीसारखी वही घाला: तारीख, पूड किती, पाणी किती, कधी उघडलं, काय दिसलं. पिंप तिघं जमल्याशिवाय उघडायचं नाही, हा आमचा एकमेव नियम आहे. दगड कापडावर पसरायचे, चिठ्ठी टाकून पहिला मान ठरवायचा, मग एकेकाने एकेक उचलत जायचं. पुढच्या फेरीत क्रम उलटा. आपण नदीतून आणलेलाच दगड आपल्याला मिळेल असं नाही, आणि तसं होण्यातच मजा आहे. मी आणलेला शेवाळी अकीक आज मॅडमच्या वर्गातल्या टेबलावर आहे. मी आणला होता हे त्या मुलांना दर वर्षी सांगतात.

खंभातची दोन माणसं

अकीकाचं खरं गाव गुजरातेतलं खंभात. रतनपूरकडचा दगड उन्हात वाळवून, मडक्यांत राखेत भाजून लाल करायचा, लोखंडी अणीवर टेकवून शिंगाच्या हातोडीने छिलायचा, ही तिथली रीत. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत जिल्हईचं वर्णन आहे: मणी आणि पूड एका लांबट कातडी पिशवीत भरायची, आत ओल ठेवायची, आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून ती पिशवी पट्ट्याने ओढत इकडून तिकडे लोळवायची, दहा-पंधरा दिवस. आज तिथेही विजेची पिंपं फिरतात. पण हे काम मुळात दोघांचं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच खंभातमध्ये अकीक कोरडा घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस होतो. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि बाहेर येत नाही. या आजारावर बरं करणारं औषध नाही. आपण हौसेने करतो, त्यांना पोटासाठी करावं लागतं. म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळा. स्वतः कधीही कोरडा दगड कापू किंवा घासू नका, पाणी चालू ठेवा. वाळलेला गाळ झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कापताना एन-95 मास्क लावा. आणि कारागिराकडे शिकायला गेलात तर त्याच्या वेळेचे पैसे द्या, वर पाण्यावर काम कसं चालतं ते त्यालाही दाखवा.

खडा करायचा असेल तर

पिंपाने हौस भागली नाही की पुढची पायरी कॅबोशॉन, म्हणजे घुमटाकार खडा. इथे सोनारकाका गुरू. डायमंडच्या पात्याने, पाण्यात, दगडाची चकती कापायची. त्यावर 25 बाय 18 मिलिमीटरचा लंबगोल आखायचा, तो पेन्सिलीने नाही, पितळी तारेच्या टोकाने. पेन्सिल पाण्यात पुसली जाते. कडेपर्यंत कापून झाल्यावर काडीच्या टोकाला लाख लावून दगड त्यावर चिकटवायचा. दगडही कोमट हवा. गार दगडावर लाख चिकटल्यासारखी वाटते आणि चाकावर निसटते. तळाच्या धारेला आधी बारीक उतार द्या, नाहीतर कड टवके सोडते. मग 80 नंबरच्या चाकावर घुमट, 220 वर सफाई, 600, 1200, 3000, आणि शेवटी नमद्यावर (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडावर) सिरियम.

घुमट खरोखर गोल झालाय का, हे बघायची काकांची पद्धत अशी. खडा धुऊन ट्यूबलाइटखाली धरायचा आणि दिव्याच्या परावर्तनाची रेघ घुमटावरून सावकाश फिरवायची. रेघ वाकत वाकत, न तुटता सरकली तर ठीक. एखाद्या जागी ती अडली, रुंद झाली किंवा उडी मारून पुढे गेली तर तिथे सपाट डाग आहे, परत 220 वर जा. हे एकदा दुसऱ्याच्या खांद्यावरून बघितलं की कळतं. लिहून मी कितीही सांगितलं तरी थोडं कमीच पडेल, म्हणून कुणाला तरी करताना बघाच.

पैलू पाडणं हे स्वतंत्र शास्त्र, आणि त्याला स्वच्छ पारदर्शक स्फटिक लागतो. अकीकाला पैलू शोभत नाहीत. एवढंच लक्षात ठेवा की स्फटिकाच्या खालच्या बाजूचे पैलू 42-43 अंशांवर बसतात. साडेचाळीसच्या खाली गेलात तर वरून आत आलेला उजेड परत न येता तळातून निघून जातो आणि खडा मधोमध काचेच्या खिडकीसारखा रिकामा दिसतो. पुढचं शिकायला जयपूरच्या एखाद्या जाणकाराजवळ बसावं लागेल.

देवाणघेवाण

आपल्या नदीचे दगड दुसऱ्या नदीवरच्या छंदिष्टांना पाठवत जा. नर्मदेकडचे, भीमेकडचे, कृष्णेकडचे गोटे हातात आले की आपल्या प्रवरेचा रंग पहिल्यांदा नीट कळतो. घासलेले कमी पाठवा, न घासलेले जास्त. समोरच्याला घासण्याचा आनंद मिळू दे. प्रत्येक दगड कागदात वेगळा गुंडाळा, एकमेकांवर आपटले तर जिल्हईवर चंद्रकोरीसारखे टिचरे पडतात. आत एक चिठ्ठी घाला: नदी, जवळचं गाव, कुठल्या महिन्यात मिळाला, चाकूच्या परीक्षेत काय झालं. चिठ्ठी बॉलपेनने लिहा, शाई ओल लागली की पसरते. आणि पुडीचा अर्धा किलो जास्तीचा असेल तर तोही त्याच खोक्यात टाका.